फाल्गुनीच्या डब्यातला मासा

परत येऊन महिना होत आला. फोटो सगळ्यांनी बघून झाले. हिमाचलातली नदी, गुडघाभर पाण्यात उभे आम्ही तिघं, हातात बारा फुटी काठ्या, मागे देवदार. शाळेच्या स्टाफरूममध्ये तर दोनदा दाखवावे लागले. जो तो विचारतो, "मग मासा मिळाला की नाही?" आणि मी म्हणते, "मिळाला होता एक. सोडून दिला." इतकं सहज म्हणते की माझं मलाच नवल वाटतं.

मासा मी सोडला नव्हता. तो मी मारला, लपवला, आणि लपवायला जागा निवडली तीही अशी की आठवलं तरी कानशिलं गरम होतात. तिकडे जायचं ज्यांच्या मनात असेल त्यांना या लिखाणातून रस्ता, खाणंपिणं, नदी यांची थोडी माहिती मिळेलच. पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते.

गच्चीवरची तयारी

हे खूळ केतनभाईंचं. केतनभाई म्हणजे माझी मैत्रीण फाल्गुनी हिचे यजमान. बडोद्याजवळ छाणीला त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे, व्हॉल्वचे सुटे भाग बनवतात. कामासाठी एकदा जपानला गेले आणि येताना तीन लांब निमुळत्या नळकांड्या घेऊन आले. आत काठी. ओढली की एकातून एक निघत बारा फूट लांब होते. तिला चाक नाही, चरखी नाही, काही नाही. टोकाला दोरी बांधलेली, दोरीला तलम धागा, आणि धाग्याला एक गळ, ज्याच्यावर रंगीत दोरा आणि पीस गुंडाळून माशी केलेली. ती माशी पाण्यावर अलगद टाकायची. मासा खऱ्या माशीला भुलतो तसा तिला भुलतो. या पद्धतीला तेनकारा म्हणतात. डोंगरातल्या खळाळत्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, तो असा धरतात. आणि धरून सोडून देतात.

"सोडून?" मी म्हटलं.

"हो ने. जोयो, फोटो पाड्यो, पाछो पाणीमां," केतनभाई म्हणाले.

आता हे दोघं नवराबायको पक्के शाकाहारी. केकसुद्धा आधी विचारून खातात, अंडं आहे का म्हणून. आणि हे निघाले मासे धरायला! मला हसू आलं, आणि थोडा रागही आला. खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला पाण्यातून बाहेर बोलवायचं कशाला? पण मे महिन्याची सुटी होती, बडोद्यात अंगाची लाही होत होती, आणि फाल्गुनीने "तू नहीं आवे तो हुं पण नहीं जाऊं" असं बजावलं. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो, ती गणित, मी भूगोल. एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. आमचं आपसातलं बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि भांडण संपूर्ण मराठी, कारण तिला वाटतं भांडायला मराठी बरी.

मग आठ-दहा संध्याकाळी आम्ही गच्चीवर काठ्या फिरवल्या. पाण्याच्या जागी एक पसरट परात. परातीत माशी पडली की टाळ्या. वॉचमन वर येऊन विचारून गेला, पतंगाचे दिवस तर कधीच संपले, मग हे काय. आमच्या विश्वामित्री नदीत सराव करायचा प्रश्नच नव्हता. तिथे काठी टाकली तर दुसऱ्या टोकाला मगर.

इथे आमच्या घरचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमचं कुटुंब मराठी. पणजोबा राज्याच्या दफ्तरात नोकरीला म्हणून बडोद्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी स्वप्नातसुद्धा गुजराती बोलते. पण आमच्या घरात मासे खातात, आणि आमच्या सोसायटीत कोणीच खात नाही. नियम असा लिहिलेला नाही, पण आहे. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून दर रविवारी मी मासे लपवून आणते. वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळायचे, मग डब्यात, डबा कापडी पिशवीत तळाशी, वर कोथिंबिरीची जुडी आणि कांद्याची पात बाहेर डोकावेल अशी. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर भाजीच्या भावावर बोलायचं. मागची खिडकी बंद, उदबत्ती चालू, काटे दुसऱ्या दिवशी लांबच्या कचराकुंडीत. पंचवीस वर्षांत एकदाही पकडले गेले नाही. मला या कलेचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तेजरामच्या घरी

ट्रेन, टॅक्सी, बोगदा, वळणं आणि फाल्गुनीच्या उलट्या हे सगळं गाळते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खोऱ्यातल्या त्या गावी पोचलो. तेजरामच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाहुण्यांसाठी. घर लाकडाचं, दगडी पाट्यांचं छप्पर, समोर सफरचंदाची झाडं आणि खाली नदीचा आवाज. हा आवाज थांबत नाही. पहिल्यांदा वाटतं पाऊसच पडतोय.

तेजराम पंचेचाळिशीचा, ठेंगणा, कमी बोलणारा माणूस. जेवायला राजमा, भात आणि सिड्डू होता. सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला जाडजूड गोळा, आत अक्रोडाचं सारण, वरून तूप ओतायचं. आपल्या दिंडांचा थोरला भाऊ म्हणावा असा. तूप त्याने इतकं ओतलं की केतनभाईंनी दोन्ही हातांनी ताट झाकलं. "बस, बस, भाई!" तर तो म्हणाला, "थंडी लगेगी पानी में, साहब," आणि त्यांच्या बोटांच्या फटीतून आणखी ओतलं.

जेवताना त्याने नदीची गोष्ट सांगितली. मोठा पूर आला होता. नदी धुऊन निघाली, मासा उरला नाही. मग गावाने बसून ठरवलं की मासा पुन्हा वाढेपर्यंत पुलाच्या वरच्या अंगाला कोणी मासा काढायचा नाही. तेजरामने खालच्या मत्स्यबीज केंद्रातून बोटाएवढी पिल्लं बादल्यांतून पाठीवर आणून सोडली. गावातली माणसं मासे आवडीने खाणारी, पण तीन वर्षं कुणाच्या चुलीवर या नदीचा मासा चढलेला नाही. मग तेजरामने गावाला विचारलं, मासा धरून सोडणारे पाहुणे आणले तर चालेल का? गाव नको म्हणत होतं. शेवटी बिमला चाची म्हणून आहेत, बायकांच्या मंडळाच्या मुख्य, त्यांनी सांगितलं, "ठीक है, तेरी ज़बान पर."

"म्हणजे मासा गेला तर जाब तुम्हाला?" फाल्गुनीने विचारलं.

"ज़बान मेरी है, दीदी. मेहमान की थोड़े ही है." मग जरा थांबून तो म्हणाला की हे काम बंद पडलं तर पुन्हा खाली मैदानात ट्रक चालवायला जावं लागेल. पाच वर्षं गेला होता. परत आला तेव्हा मुलगी त्याला बघून आईच्या मागे लपली होती.

हे सगळं मी ऐकलं. मला कळलं नव्हतं, माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. शेजारी बसून, तूप लावून ऐकलं.

नदीवर

सकाळी लाकडी पूल ओलांडून वरच्या अंगाला गेलो. पाणी बर्फाचं. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी जे ओरडले ते मराठीतच होतं. पाय बधिर झाले की मग बरं वाटतं. पायात कॅनव्हासचे बूट आणि लोकरी मोजे, कारण गोटे शेवाळाने नुसते साबण झालेले.

तेजराम शिकवायला फार चांगला. मासा मोठ्या दगडाच्या मागे, संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. तिथे उभ्या उभ्या जे वाहत येईल ते खातो. म्हणून आपण त्याच्या पाठीकडून जायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. माशी अशी टाकायची की ती आपोआप पडली असं वाटावं. गळाला उलटी आकडी नसते, चिमट्याने दाबून सपाट केलेली असते, म्हणजे मासा सहज सुटतो. आणि हात लावायच्या आधी हात ओला करायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडला तरी तो पुढे मरतो. वर्गात मुलांना नकाशा समजावताना माझ्यात एवढा संयम असता तर किती बरं झालं असतं.

फाल्गुनीने पहिल्या तासात स्वतःची टोपी दोनदा धरली आणि केतनभाईंचा सदरा एकदा. केतनभाईंनी मात्र एक मासा धरला. बोटभरच होता, पण केवढा आरडाओरडा! ओल्या तळव्यावर घेऊन, फोटो काढून त्यांनी तो सोडला आणि हात जोडले. माशाला! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनीतीबेन, तमारे तो दाढ सळवळती हशे, नहीं? जोजो हां, तेजरामभाई, आ बेन पर नजर राखजो. हमारी सुनीतीबेन मछली खानेवाली हैं."

सगळे हसले. फाल्गुनी हसली, तेजरामही हसला. मीही हसले. पण आतून चिडले. मासा काय असतो हे मला विचारा ना! ज्यांनी आयुष्यात कधी चाखला नाही ते मला सांगणार, माशाशी कसं वागायचं? त्याला ओढायचं, घाबरवायचं, फोटो काढायचा, आणि वर स्वतःलाच पुण्य? आम्ही निदान जेवतो. हा सगळा वाद मी दुपारपर्यंत मनातल्या मनात घातला आणि प्रत्येक वेळी जिंकले.

दुपारी दगडावर बसून फाल्गुनीचे थेपले, छुंदा आणि तेजरामच्या घरचं लिंगडीचं लोणचं खाल्लं. लिंगडी म्हणजे नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब. चव काहीशी फरसबीसारखी, पण रानटी. फाल्गुनीचा खांदा दुखत होता म्हणून तिचा रिकामा स्टीलचा डबा मी माझ्या पाठपिशवीत टाकला. लग्नात आंदणात आलेला, झाकणावर तिचं नाव कोरलेला.

मग आम्ही पांगलो. मी वळणाआड एका घराएवढ्या दगडाच्या मागे गेले. तेवढ्यात खालून धप्प आवाज आला आणि "ओ बाप रे!" केतनभाई घसरून पाण्यात बसले होते. तेजराम त्यांना उठवायला धावला. मी एकटी होते.

दगडाच्या मागच्या काळ्या पाण्यात मी माशी टाकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाणी किंचित फुगलं आणि काठी वाकली. चरखी नाही, त्यामुळे माशाची ताकद सरळ मनगटात येते. दोरी हाताने धरून ओढावी लागते. कशी ओढली, कमरेला लावलेल्या हातजाळीत कसा घेतला, आठवत नाही. जाळीत बघितलं तर वितीहून चांगला मोठा ट्राउट. पाठ तपकिरी, पोट सोन्यासारखं पिवळं, अंगावर काळे आणि लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. इतका देखणा मासा मी बाजारात कधी पाहिला नव्हता.

मी हात ओला केला. गळ काढला. तो जराही अडकला नाही, तोंडाला नीट जखमही नव्हती. पाण्यात हात उघडायचा, एवढंच बाकी होतं.

मी मान वळवून मागे बघितलं. कोणी नव्हतं. आणि एक गोटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. एकच घाव. मग थेपल्यांचं वर्तमानपत्र, दुहेरी. मग डबा. मासा थोडा वाकवावा लागला. डबा पिशवीत तळाशी, वर ओला टॉवेल, टॉवेलवर काठावरची तोडलेली लिंगडी. हे सगळं करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हात आपोआप चालत होते, रविवारचे हात. डबा कुणाचा आहे हे मनात आलं नाही असं म्हणवत नाही. आलं, आणि मी झाकण दाबलं.

त्याचं मी काय करणार होते? खोलीत चूल नाही, तवा नाही. काही ठरवलेलं नव्हतं. हवा होता, बस.

तेजराम परत आला. "कुछ लगा, मैडम जी?"

"एक लगा था. छोड़ दिया."

त्याचा चेहरा उजळला. कुठे, किती मोठा, कुठल्या दगडामागे, सगळं विचारलं. मी हाताने लांबी दाखवली. तो त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला. "वही होगी," तो म्हणाला. "पिछले साल इत्ती सी थी, यहीं खड़ी रहती थी. मैं रोज़ देखने आता था." मग मला म्हणाला, "अच्छा किया जी." तेव्हाही बोलता आलं असतं. मी लोकरी मोजे पिळत बसले.

पुलावर

उतरताना पुलाच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे, तिथे बिमला चाची बसल्या होत्या. अंगाला घट्ट लपेटलेला लोकरी पट्टू, डोक्याला रुमाल, हातात लोकर कातायची चाती. गवताचे भारे उतरवून चार-पाच बायका बसलेल्या, दोन म्हातारे, काही मुलं. तेजरामने न सांगता आपली पिशवी त्यांच्यापुढे पालथी केली. पुलावर पिशवी दाखवायची, हा नियमच. केतनभाईंनी त्यांची उघडली. मी पिशवीच्या पट्ट्यांना हात घातला, पण सकाळचं ते बोलणं थट्टाच समजलेला तेजराम हसत म्हणाला, "चाची, ये तो गुजरात वाले हैं. घास-फूस खाने वाले. इनका क्या देखना."

चाचींनीही हात हलवला, राहू दे म्हणून. एरवी मला कोणी गुजराती म्हटलं की मी लगेच दुरुस्त करते, "मराठी आहोत आम्ही, बडोद्याचे." आज केलं नाही. सुटले असं वाटलं.

आणि चाची म्हणाल्या, "इतनी दूर से आई हैं, खाली हाथ थोड़े जाएँगी. डब्बा है कोई? सिड्डू बने हैं, अखरोट वाले."

"छे ने, मेरा डब्बा है, खाली ही है!" फाल्गुनी म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या पाठीवरच्या पिशवीची चेन ओढली, लिंगडी बाजूला केली, टॉवेल बाजूला केला, डबा काढून दोन्ही हातांनी चाचींना दिला.

चाचींनी झाकण उघडलं. वर्तमानपत्र सोडवलं. चाती त्यांच्या मांडीवरून खाली घरंगळली.

तेजरामने डब्यात वाकून बघितलं. त्याने मासा ओळखला. तो माझ्याकडे बघेल म्हणून मी जमिनीकडे बघत होते, पण त्याने कुणाकडेच बघितलं नाही. तो टपरीच्या खांबाला टेकून खाली बसला.

"डब्बा किसका है?" चाचींनी विचारलं.

"मेरा," फाल्गुनी म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही प्रश्नाचा अर्थ. पण तिला नीट कळलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात वास येतो म्हणून दार ठोठावत चौकशी चालवली होती, तेव्हा हिनेच वरून ओरडून सांगितलं होतं की माझ्या मोरीचा पाइप फुटलाय. मला नंतर त्याबद्दल काही म्हणालीसुद्धा नाही. तीच बाई आज तशीच, तशाच आवाजात म्हणाली, मेरा.

"तो मछली तूने निकाली?"

"हाँ."

"फाल्गुनी, तुं शुं बोले छे?" केतनभाई पुढे झाले.

"तमे चूप रहो," ती म्हणाली. केतनभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. सकाळी त्यांनी केलेली थट्टा त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली, आणि त्यांना ती आता जराही गंमत वाटत नव्हती.

चाची चिडल्या नाहीत. तीच गोष्ट भयंकर होती. म्हणाल्या, मेलेला मासा फेकायचा नाही, आमच्यात तशी रीत नाही. आणि दंड म्हणून काही घ्यायचीही रीत नाही. ज्याने काढला त्याने तो इथे, सगळ्यांसमोर, पूर्ण खायचा. गावातल्या एका पोराने गेल्या साली काढला होता, त्यालाही असाच खायला लावला. "तीन साल से हम देख ही तो रहे हैं," त्या म्हणाल्या. "तुझे भी देख लेंगे."

"चाची, ज़बान मेरी थी," तेजराम बसल्या जागेवरून म्हणाला. "मैं खाता हूँ."

"तेरा हिसाब अलग है," चाची म्हणाल्या.

त्यांनी स्वतः मासा साफ केला. टपरीच्या चुलीवर लोखंडी तवा चढवला, मोहरीचं तेल तापत ठेवलं, माशाला मीठ-हळद चोळली. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. फाल्गुनी मांडी घालून बसली होती. पांढरीफटक. जी केकवाल्याला तीन वेळा विचारते, ती. तेलात मासा पडला तेव्हा तिने पदराने नाक झाकलं आणि लगेच पदर खाली घेतला, कोणाला वाईट दिसू नये म्हणून.

आणि मी? मी मूग गिळून तिच्या शेजारी बसले होते. तोंडातून शब्द फुटेना असं लोक लिहितात. माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी तो धरून ठेवला होता.

चाचींनी ताट तिच्यापुढे ठेवलं. मुलं जवळ सरकली. एका म्हाताऱ्याने आवंढा गिळला, तो मी बघितला. फाल्गुनीने डोळे मिटले, उघडले, हात पुढे केला. मासा कसा तोडायचा हे तिला माहीत नव्हतं. तिने शेपटीकडून चिमूटभर तुकडा काढला, त्याच्यासोबत काटाही आला, आणि ती तो हात तोंडाकडे नेऊ लागली.

"मैंने मारी," मी म्हटलं. "मछली मैंने मारी. इसको कुछ मालूम नहीं था. डब्बा इसका है, बाकी सब मेरा है."

फाल्गुनीच्या हातातला तुकडा ताटात पडला. ती उठून नळापाशी गेली आणि हात धूत राहिली. चाचींनी ताट माझ्याकडे सरकवलं. त्यांना जराही नवल वाटलं नव्हतं.

"तेल चढ़ाया तब से तेरा मुँह देख रही हूँ," त्या म्हणाल्या. "इतनी देर लगा दी."

मी तो मासा खाल्ला. तीन वर्षं ज्यांनी आपल्याच दारातल्या नदीचा मासा चाखला नव्हता त्या माणसांसमोर बसून खाल्ला. मला येतो खाता, काटे बाजूला काढून, डोक्यापर्यंत, व्यवस्थित. ताजा मासा, मोहरीचं तेल, वरून खरपूस. चव उत्तम होती. ती वाईट असती तर मला केवढं बरं वाटलं असतं. एक लहान मुलगी शेवटपर्यंत माझ्या बोटांकडे बघत होती.

ताट संपल्यावर चाचींनी तेजरामचा हिशेब केला. या वर्षी पुलापलीकडे पाहुणा नाही. पुढच्या वर्षीचं गाव बसून ठरवेल. तो उठला आणि म्हणाला, "जी, चाची." मग त्याने तांब्या घेतला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं, कारण मी अजून त्याची पाहुणी होते. मी "माफ़ करना" म्हटलं. त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला समजलं नाही. डबा चाचींनी राखेने घासून, सिड्डू भरून फाल्गुनीला परत दिला. तिने तो नमस्कार करून घेतला.

खाली उतरताना

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. केतनभाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, दिवसभर रस्त्याबद्दलच बोलले. मागे आम्ही दोघी. बोगदा मागे पडल्यावर फाल्गुनीने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता, पण मराठीत विचारलं.

"चाची मासा तळत होत्या ना, तेवढा वेळ तू काय विचार करत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "सुचतच नव्हतं काही."

"असं होतं कधी कधी," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. शाळेत बरोबर जातो, बरोबर येतो. कोणी मासा मिळाला का विचारलं आणि मी "सोडून दिला" म्हटलं की ती शेजारी उभी असते आणि काही बोलत नाही.

हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. कारण तिला मी खोटं सांगितलं. मला सुचत होतं. पंधरा-वीस मिनिटं मी एकच विचार करत होते, की फाल्गुनी एक घास खाईल, एकच, मग सगळं मिटेल, आणि बडोद्याला परत गेल्यावर मी तिच्यासाठी काहीतरी छान करीन.